नंदी बी खरा, पेव बी खरं

आमच्या अप्पांच्या तोंडी आयुष्यभर दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही पुराच्या होत्या. पहिली देवळातली. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांची माणसं दर्शनाला आली की कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा सभामंडपातल्या नंदीपाशी उभे राहायचे, त्याच्या तोंडावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "मोठ्या पुराला पाणी हितवर आलं बगा. नंदीच्या तोंडाला लागलं अन् माघारी फिरलं. बोटभर बी वर सरकलं न्हाई." ऐकणारे हात जोडायचे. दुसरी गोष्ट दुकानातली. गिऱ्हाईक जरा टेकलं की अप्पा मागच्या अंगणाकडं मान वळवून सांगायचे, "आमचं पेव बगा. मोठ्या पुराला अर्धं गाव भिजलं, पर आमच्या पेवात पाण्याचा थेंब न्हाई गेला. वाडवडलांनी जागाच तशी धरलीय." या दोन्ही गोष्टी मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आणि दोन्ही मला पाठ होत्या. त्या एकमेकींशी भांडतात हे कळायला मात्र मला तंत्रनिकेतनात जाऊन मोजणीची दुर्बीण लावायला शिकावं लागलं.

गंगाखेडच्या अलीकडं, सोनवळ नावाच्या ओढ्याकाठी आमचं गाव. हा ओढा पुढं गंगेला मिळतो. गंगा म्हणजे आमची गोदावरी, तिला आमच्याकडं दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. डोंगराकडच्या लोकांना पूर म्हटलं की धडाधडा कोसळणारं पाणी आठवतं. आमच्याकडं तसलं काही नाही. आमची जमीन इतकी सपाट, की पाणी कुठं निघालंय ते पाण्यालाही ठाऊक नसावं. ते गुपचूप यायचं. सकाळी उठून पाहावं तर ओढा काठोकाठ, दुपारी ते कापसाच्या ओळींमधून चकाकायला लागलेलं, आणि दिवस मावळेपर्यंत सडकेकडं जाणारी वाट गडप. आवाज म्हणाल तर भरत आलेल्या हंड्यासारखी गुडगुड, आणि त्यावर गावभरच्या कुत्र्यांचं भुंकणं. उन्हाळ्यात ज्या ओढ्यात म्हशीचे खूरही धड भिजत नसत, तोच भादव्यात आम्हाला जगापासून तोडून टाकायचा. मीठ, रॉकेल, टपाल, दवाखाना, सगळं पलीकडं. अलीकडं आम्ही आणि आमचा चिखल.

घर म्हणजे पुढं किराणा दुकान, मागं अंगण आणि अंगणात ते पेव. माझ्या नातवंडांनी पेव पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत खोल खोदलेला तो ज्वारीचा खड्डा असतो. तोंड अरुंद, पोट मोठं. आत जाळ करून त्याच्या भिंती भाजून काढायच्या, कडब्याचा थर लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. उघडताना आधी दिवसभर नुसतं उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. तो विझला तर आत उतरायचं नाही. पेवातल्या ज्वारीला जरासा आंबूस, उबदार वास असतो. माय त्या ज्वारीच्या भाकरी थापायची तेव्हा थापण्याचा आणि बांगड्यांचा एक ठेका धरला जायचा, आणि त्या ठेक्यावर ती जगाविषयीच्या तक्रारी सांगत राहायची. अप्पांची तळहातावरच्या लिंगाची पूजा आटोपल्याशिवाय ताटं वाढली जात नसत, म्हणून आम्ही बहिणी येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा वास घेत चुलीपुढं बसून राहायचो. येसर माझ्या सुनेला जमत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसत नाही. मिक्सरमधून काढलेलं ते येसर नव्हे, हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

आम्ही बहिणी म्हणजे मी लीला आणि माझी धाकटी मंगल. वयानं ती माझ्याहून बरीच लहान आणि जिभेनं माझ्याहून तिखट, यावरून काय ते समजा. गावातली शाळा सातवीपर्यंत होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडं, सडकेवरच्या गावात. माझ्या वेळी मानवतला मामा होते म्हणून मी शिकले आणि बांधकामाच्या पदविकेपर्यंत पोचले. नंतर मामाची बदली झाली आणि ती वाट बंद झाली. अप्पांनी मंगलला सरळ सांगून टाकलं होतं, "पूल झाला तर आठवीला जाशील. न्हाई झाला तर सातवी लय झाली. पुरात पोरगी पलीकडं आडकली तर म्या काय करू? मंग सोयरिक बगायची." मंगल तेव्हा पाचवी पास झालेली. उठता बसता ती विचारायची, "अप्पा, पूल कवा व्हनार?" जसं काही पूल दुकानातल्या गोणीत बांधून ठेवलाय आणि अप्पाच तो काढून देत नाहीत.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना बांधकाम खात्याची जीप एकदाची गावात आली. बरोबर उपअभियंता होते. उंच, वाळकुडे, उन्हानं रापलेले, बोलणं मोजकं. गाव त्यांना साहेब म्हणायचं, मीही इथं तेच म्हणते. ओढ्यावर पूल बांधायचा तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: मोठ्यात मोठ्या पुराला या ओढ्यातून एका क्षणाला किती पाणी वाहून जातं. तेवढं सगळं पुलाखालून सुखरूप निघालं पाहिजे. आमच्या ओढ्यावर पाणी मोजायचं कसलंही साधन कधी कुणी बसवलेलं नव्हतं. अशा ठिकाणी गावालाच विचारायचं, की बाबांनो, पाणी कुठवर आलं होतं? मग त्या खुणेइतक्या पाण्याचा ओढ्यातला आडवा छेद मोजायचा, दोन खुणांवरून पाण्याचा उतार काढायचा, तळाला आणि काठाच्या झुडपांना पाणी किती घासत जातं याचा अंदाज धरायचा. यावरून वेग कळतो आणि वेगावरून पाणी. साहेबांनी विचारलं आणि अख्ख्या गावानं एका सुरात सांगितलं, "नंदीच्या तोंडापतुर!" गुरवानं सांगितलं, पाटलांनी सांगितलं, पाण्याला निघालेल्या बायांनी घागरी खाली ठेवून सांगितलं. अप्पांनी तर साहेबांचा हात धरून नंदीच्या तोंडावर नेऊन ठेवला.

दुसरी खूण ओढ्याच्या खालच्या अंगाला, दर्ग्याच्या पायरीवर मिळाली. दर्ग्याचे मुजावर चाँदभाई यांनी पायरीवर बोट टेकवून सांगितलं, इथवर पाणी होतं, वरची पायरी कोरडी होती. मोजणीच्या वेळी आकड्यांची पट्टी धरायला माणूस कमी पडला म्हणून मी पुढं झाले. मी पट्टी एवढीशीही कलू देत नाही हे साहेबांनी पाहिलं आणि विचारलं, "कुठं शिकतेस?" मी सांगितलं. "मग नुसती पट्टी काय धरतेस? इकडं ये, दुर्बिणीतून बघ." पोरगी साडीचा पदर खोचून दुर्बिणीला डोळा लावून उभी आहे, हे बघून बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसू द्या म्हटलं. त्या काचेतून मला आमचं गाव उलटं दिसत होतं आणि मला तसलं भारी पुन्हा कधी वाटलं नाही.

काही आठवड्यांनी साहेब परत आले. निकाल कागदावर पाठवता आला असता, पण ते स्वतः येऊन मंडपात बसले आणि त्यांनी गावाला तोंडानं सांगितलं. नंदीच्या तोंडाच्या हिशेबानं पाणी अफाट निघत होतं. तेवढ्या पाण्याला पूल इतका लांब आणि उंच लागेल की एका गावासाठी तो कधीच मंजूर होणार नाही. त्यापेक्षा फरशी टाकू. फरशी म्हणजे ओढ्याच्या तळालगत टाकलेला सिमेंटचा बुटका रस्ता. पूर आला की पाणी त्याच्या डोक्यावरून जाणार. म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी ती पाण्याखाली. माणसांनी माना हलवल्या. मंगल खांबाआडून ओरडली, "फरशीवरून काय बेडकं जातेल शाळंला?" आणि तरातरा घरी निघून गेली. घरी जाऊन तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि जेवायचं बंद केलं.

उठता उठता साहेब माझ्याशी एक बोलले, तेवढं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. म्हणाले, "मला एक गोष्ट खटकते. तुमच्या नंदीपासून दर्ग्यापर्यंत पाण्याला जो उतार निघतो तो डोंगरातल्या ओढ्याला शोभावा असा आहे. एवढ्या उतारावर पाणी धावत सुटतं. त्या पुरात कुणाचं घर वाहून गेलं होतं का गं?" मी म्हटलं, "वाहून कुणाचंच नाही. भिजली पुष्कळ." साहेब म्हणाले, "हं." आणि जीपमध्ये बसले. खूण सगळं गाव एकमुखानं सांगतंय, तर तिला खोटं म्हणायचं कशावरून?

दुसऱ्या दिवशी माय भाकरी थापत होती. मंगल भिंतीकडं तोंड करून पडलेली. मीही भाकरीचा तुकडा नुसता कुस्करत बसले होते. मायच्या तक्रारींना ठेका लागला. "त्या मोठ्या पुराच्या साली म्या नवी नवरी व्हते. लोकं घराघरात भिजकी ज्वारी वाळू घालायले व्हते. खालच्या अंगाला रुक्मिनकाकूच्या पेवात पाणी शिरलं, तर असा वास सुटला की नाकाला पदर लावून बसायचं. आपल्या पेवातली मातर मोत्यावाणी कोरडी. वरीसभर त्याच्याच भाकरी खाल्ल्या. त्या पुराच्या साली बी ह्या घरात कुनी उपाशी ऱ्हायलं न्हाई, अन् आता तुमी दोघी मला फुकटचा ताप द्यायल्या." माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला. रुक्मिनकाकूंचं घर ओढ्याच्या बाजूला, आमच्यापासून जवळच, जरासं सखल. त्यांच्या पेवात पाणी गेलं आणि आमच्यात गेलं नाही. म्हणजे पाणी या दोन तोंडांच्या मधे कुठं तरी येऊन थांबलं असणार. माणसाच्या सांगण्यात मीठमसाला असतो हो, पण वर्षभर खाल्लेल्या भाकरीत कसला आलाय?

मी गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली. लांबलचक पारदर्शक नळी. पाणी भरून दोन टोकं दोघांनी धरली की दोन्हीकडं पाणी एका पातळीला उभं राहतं. मंगलला पाय ओढून उठवलं. "पूल पायजे ना? मंग धर हे टोक." पहिलं टोक नंदीच्या तोंडाशी लावलं आणि तिथून ती पातळी टप्प्याटप्प्यानं, भिंतींवर कोळशाच्या रेघा मारत, गल्लीतून आमच्या घराकडं न्यायला सुरुवात केली. गाव गोळा झालं. पाटलांची सून ओसरीवरून ओरडली, "काय करायलीस गं लीले? नंदीला सलाईन लावलं का काय?" हशा पिकला. मंगलनं तिथल्या तिथं सुनावलं, "नंदीला न्हाई, गावाला लावायलो!" अंगणात पोचलो तेव्हा शेवटची रेघ मी मागच्या भिंतीवर मारली. ती पेवाच्या तोंडापासून माणसाच्या छातीइतकी उंच होती.

मी अप्पांना हाक मारली. ते तसेच दुकानातून आले, हातात तराजूतलं माप. "अप्पा, ही रेघ म्हंजी नंदीच्या तोंडाची पातळी."

"बरं. मंग?"

"पाणी नंदीच्या तोंडाला लागलं असंल तर ते हितवर आलं असंल. म्हंजी आपलं पेव छातीभर पाण्यात बुडालं."

"पेव बुडालं? कोन म्हनतंय? आमच्या पेवात थेंब..."

"मंग पाणी नंदीच्या तोंडाला लागलं न्हाई."

"लागलं! ह्या डोळ्यांनी बगितलंय म्या! नंदीच्या नाकपुड्या पाण्याला टेकल्या व्हत्या!"

"मंग पेव बुडालं."

"न्हाई बुडालं म्हनतो ना!"

"अप्पा, एक तर नंदी खोटा, न्हाई तर पेव खोटं. कोनतं ते तुमीच सांगा."

माय पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. अप्पांनी रेघेकडं पाहिलं, पेवाकडं पाहिलं, पुन्हा रेघेकडं पाहिलं. त्यांचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग हळूहळू त्यांचं तोंड उघडं पडत गेलं. "आगं माझ्या महादेवा!" असं म्हणून ते मटकन पेवाच्या दगडावर बसले. "नंदी बी खरा, पेव बी खरं. पर लीले, नंदी तवा खाली व्हता की गं! वढ्याच्या पायऱ्यांवर. जीर्णोद्धाराच्या टायमाला म्याच त्याला वर आणला!"

आणि मग सगळ्या गावाला एकाच वेळी आठवलं. आठवलं कसलं, ते कुणी विसरलंच नव्हतं. देवळाचा जीर्णोद्धार झाला, नवा मंडप बांधला, तेव्हा ओढ्याच्या काठावरचा तो अवजड नंदी ओंडक्यांवरून, दोर लावून, बैलांनी नि माणसांनी ओढत वर आणला होता. अप्पा पुढं होते. हलगी वाजत होती. मी तेव्हा मायच्या कडेवर, मला ती हलगी तेवढी आठवते. दोर ओढताना ज्यांच्या हाताची सालटी निघाली होती, त्याच माणसांनी साहेबांना मंडपातल्या नंदीचं तोंड दाखवलं होतं. त्यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. पाणी कुठवर आलं, तर नंदीच्या तोंडापर्यंत. नंदी बसला असेल तीच त्याची जागा. देवाची जागा काय पट्टीनं मोजतात?

पण आता अप्पांचा जीव कानकोंडा झाला. साहेबांचा हात धरून ती खूण त्यांनीच दाखवली होती. दर शिवरात्रीला हजारभर लोकांना तेच सांगत आले होते. "साहेबाला काय तोंड दाखवू? शिवरात्रीला लोकं काय म्हनतेल?" असं काहीबाही पुटपुटत ते अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. माय म्हणाली, "लोकं काय म्हनायचं ते म्हनतेल. ती पोरगी कालपासून उपाशी हाय, ते बगा आधी." अप्पांनी मंगलकडं पाहिलं. तिच्या हातात नळीचं टोक अजून तसंच घट्ट धरलेलं होतं. अप्पा आत गेले, धुतलेला सदरा घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि दुकान उघडं टाकून गंगाखेडच्या एसटीला गेले. दुकान उघडं टाकून गेलेले अप्पा आम्ही त्याआधी पाहिले नव्हते. साहेबांच्या कचेरीत जाऊन त्यांनी आमच्या लिंगायतांचा रामराम घातला, "शरणार्थ, साहेब. तुमचा हिशेब बरोबर हाय. नंदी मी हलवला." हे मला पुढं साहेबांनीच सांगितलं, आणि सांगताना ते कितीदा तरी हसले.

साहेब लगेच आले. ओढ्याच्या काठावर माजलेलं बेशरमाच्या झुडपांचं रान गावानं तोडून काढलं, गाळ उपसला आणि खाली नंदीची जुनी बैठक जशीच्या तशी सापडली. बैठकीपासून नंदीच्या तोंडाइतकी उंची धरली, दुर्बीण लावली आणि मी स्वतः पट्टीवरचे आकडे वाचले. जुन्या नंदीचं तोंड रुक्मिनकाकूंच्या पेवाच्या वर आणि आमच्या पेवाच्या खाली येत होतं. अगदी मधोमध. मी किंचाळलेच. रुक्मिनकाकू तेवढ्यात सगळ्यांना सांगायला लागल्या, "माझी ज्वारी भिजली म्हनून पूल व्हायलाय, ध्यानात ठिवा!" दर्ग्याची पायरी पुन्हा मोजायला गेलो तर चाँदभाई दाढी कुरवाळत म्हणाले, "हमारे बाबा तो जाँ थे वाँच हैं. तुम्हारे नंदीकोच घूमने का शौक." सगळ्यांत मोठ्यानं अप्पाच हसले.

साहेब मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोयीचा आकडा हाती आला की मला भीती वाटते. पाणी जास्त धरलं तर पूल होत नाही, एवढंच. कमी धरलं आणि पूल गेला, तर माणसं जातात. त्यात तुझी बहीणही असेल. तू वेगळा हिशेब कर, मी वेगळा करतो. एकमेकांच्या कागदात बघायचं नाही." मंडपाच्या दोन कोपऱ्यांत आम्ही दोघं पाठमोरे बसलो. मधे नंदी. नवा उतार निघाला तो इतका हलका की कागदावर डोळ्याला दिसू नये. सपाट मुलखातल्या पाण्याला हाच शोभतो. पाणी उंच चढतं, पसरतं, शेतंच्या शेतं गिळतं, पण रेंगाळत चालतं. पूर किती उंच आला ही एक गोष्ट आणि किती पाणी वाहून गेलं ही दुसरी, हे मला पुस्तकानं शिकवलं होतं, पण पटलं त्या दुपारी. आम्ही कागद उलटून समोर ठेवले. दोघांचे आकडे जवळजवळ एकच होते, आणि पहिल्या आकड्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. "वरून थोडं जास्त धरू," साहेब म्हणाले, "पाणी काही आपल्या हिशेबाला बांधील नसतं." मग पहिल्यांदा ते मोकळं हसले. "पण पूल होतो, लीला." मंगल त्या दिवशी चार भाकरी जेवली असं माय सांगायची. मायच्या सांगण्यात मीठमसाला असतो.

पुढं मी याच कामात जन्म काढला. परभणी जिल्ह्यातले नि बाहेरचे कितीतरी ओढे आणि नद्या मी पायाखाली घातल्या. आता पोरं संगणकावर बसल्या जागी पूर काढतात, वरून उपग्रहाची चित्रं असतात, आणि ते चांगलंच आहे, मी काही जुन्याचे गोडवे गाणारी म्हातारी नाही. पण गावात खूण विचारायला गेलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "देव हलवलाय का?" हाताखालची पोरं गालातल्या गालात हसायची. जिंतूरकडच्या एका गावात मारुती हलवलेला निघाला, तेव्हापासून तीही विचारायला लागली. मी फुशारक्या मारते असं मंगल म्हणते. मारीनच. माझ्या पुलांपैकी एकही आजवर पाण्यात गेलेला नाही.

आमचा पूल झाला तो मंगल सातवी पास होईस्तोवर. त्या जूनपासून ती पलीकडच्या शाळेत जायला लागली, तरी गाव पुलाकडं अजून पाहुण्यासारखं बघत होतं. पूर आल्याशिवाय पुलाचं काय खरं? साहेबांनी एका खांबावर लाल रेघ मारून ठेवली होती. म्हणाले होते, "मोठ्या पुराएवढं पाणी आलं तरी याच्या वर जाता कामा नये. गेलं तर आपण दोघं चुकलो." अप्पांनी ओढ्याकाठी नंदीच्या जुन्या बैठकीवर नंदीच्या तोंडाइतक्या उंचीचा एक दगड उभा केला होता आणि त्याला शेंदूर लावला होता.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाणी आलं. मी तोवर नोकरीला लागले होते, सणाला घरी आले होते. सकाळी उठून पाहतो तर चहूकडं पाणी. गाव काठावर जमलं. अप्पांचा शेंदरी दगड हळूहळू बुडत होता. आधी पाया, मग कंबर, मग फक्त वरचा शेंदूर. मायसारख्या पोक्त बाया म्हणायला लागल्या, मोठ्या पुरानंतर असं पाणी आजच. माझं लक्ष दगडाकडं नव्हतंच, खांबावरच्या लाल रेघेकडं होतं. पाणी खांबाला वळसे घालत वर वर चढत होतं. कुणी बोलायला आलं की मी त्याच्या अंगावर खेकसत होते. चुकलो असलो तर? पलीकडच्या टोकाला छत्री घेतलेला एक उंच माणूस उभा होता. साहेब स्वतः आले होते. आम्ही दोघं ओढ्याच्या दोन काठांवरून एकाच रेघेकडं बघत होतो.

पाणी शेंदराच्या वरच्या कडेला येऊन टेकलं आणि थांबलं. बोटभर वर नाही. खांबावर लाल रेघ अजून कोरडी होती, खाली चांगली हातभर जागा ठेवून. पलीकडून साहेबांनी रुमाल हलवला, आणि मग ते सरळ पुलावरून, खाली एवढा ओढा वाहत असताना, सावकाश चालत आमच्याकडं आले. मला रडू फुटलं ते फुटलंच. माय म्हणाली, "आता काहून रडायलीस, बये?" माझ्यासारखी खूश बाई त्या दिवशी परभणी जिल्ह्यात दुसरी नसेल.

गर्दीतून मंगल पुढं आली. अंगावर शाळेचा गणवेश, खांद्याला दप्तर. "मी चालले."

अप्पा दचकले. "आज? असल्या पाण्यात?"

"पूल झाला तर जाशील, असं तुमीच म्हनले व्हते ना? झाला की."

अप्पांनी साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. अप्पांनी छत्री उघडली, तिच्या डोक्यावर धरली आणि दोघं पुलावर चढले. कुणीतरी पोळ्याची हलगी बडवायला सुरुवात केली. मधोमध जाऊन अप्पांनी नारळ फोडला, एक भकल पाण्यात टाकलं, एक मंगलच्या हातात दिलं आणि ते तिथंच उभे राहिले. मंगल एकटी पुढं गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं. पुढच्या शिवरात्रीपासून अप्पांची गोष्ट बदलली. ते लोकांना मंडपातून खाली ओढ्यापर्यंत घेऊन जायचे, शेंदरी दगड दाखवायचे, मग पूल दाखवायचे, आणि गोष्ट पूर्वीपेक्षा दुप्पट लांब व्हायची.

पण त्या दिवशीचं राहिलं. जेवणं होतात न होतात तोच मंगल परत आली. दप्तर आपटलं, खोबऱ्याचा अर्धा चावलेला तुकडा तसाच मुठीत. "शाळंला कुलूप! एक मास्तर आला न्हाई! पुरात कोन येतंय म्हनून सुट्टी देऊन टाकली!" अप्पा पोट धरधरून हसले, माय हसली, ताटं घासत बसलेल्या मलाही हसू आवरेना. मंगल तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी अजून शेतात असतानाच ती पुलावरून पुन्हा गेली, सरळ हेडमास्तरांच्या खोलीत शिरली आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, आमी आलतो. तुमी काहून आले न्हाई?"